उजवी चप्पल वीतभर पुढे

आदरणीय ताई,

तुमचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ते चारचौघांत मिरवलेले तुम्हाला आवडणार नाही, एवढे मला त्या दोन दिवसांत कळले आहे. इंग्रजीत लिहिलेले एक पत्र तुम्हाला टपालाने पाठवले आहे. परंतु मनापासूनचे आभार मला परक्या भाषेत नीट मानता आले नाहीत, म्हणून हे दुसरे पत्र मराठीत लिहिते आहे.

आईला घेऊन मी पुण्याहून एका सहल कंपनीबरोबर जपानमधल्या क्योतोला आले होते. तिचे वय ७४ आहे आणि तिचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. हे आम्ही नोंदणी करतानाच लेखी कळवले होते आणि सहलही ‘खास ज्येष्ठांसाठी’ म्हणूनच विकली गेली होती. इ.स. ७९४ मध्ये राजधानी म्हणून वसवलेले, हजारांहून अधिक वर्षे सम्राटांचे वास्तव्य पाहिलेले हे शहर आम्हाला एका दिवसात दाखवायचे ठरले होते, प्रत्येक देवळाला पंचवीस मिनिटे देऊन. कियोमिझू देरा देवळाकडे जाणाऱ्या सान्नेनझाका या दगडी पायऱ्यांच्या चढावर आई थांबली, तेव्हा आमच्या सहल व्यवस्थापकाने तिला बसमध्ये जाऊन बसायला सांगितले. या पायऱ्यांवर जो पडतो तो तीन वर्षांत मरतो अशी तिथली एक जुनी समजूत आहे, तीही त्याने त्याच वेळी सर्वांना हसत हसत ऐकवली. आई काही बोलली नाही. सगळे वर निघून गेले आणि आम्ही दोघी बाजूच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या उंबऱ्यावर टेकलो. ‘माझ्यापायी तुझेही बघायचे राहिले,’ असे ती मला दोनदा म्हणाली. ते तिच्या तोंडी यावे, याबद्दल त्या कंपनीला मी अजून क्षमा करू शकलेले नाही.

तेवढ्यात समोरच्या दारातून तुम्ही लाकडी बादली आणि लांब दांड्याचा डाव घेऊन बाहेर आलात आणि सप्टेंबरच्या त्या उकाड्यात दारापुढच्या फरसबंदीवर पाणी शिंपडू लागलात. ‘अगं, ही सडा घालते आहे,’ आई म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. तुम्ही आमच्याकडे पाहिलेत, आईच्या गुडघ्याकडे पाहिलेत आणि काही न विचारता दार पूर्ण उघडलेत.

तुमचे घर रस्त्याकडून जेमतेम दोन खोल्यांच्या रुंदीचे दिसत होते आणि आत मात्र लांबच लांब गेले होते. अशा घरांना क्योतोत ‘वाम माशाचे अंथरूण’ म्हणतात, हे तुम्हीच आम्हाला सांगितलेत. मधोमध चटईभर जागेत शेवाळ, नेचे आणि दगडी दिवा असलेली बाग होती, आणि तिच्याकडे पाहताना आईला तिच्या माहेरच्या वाड्यातला चौक आठवला. चहा झाला. दारापुढची जागा झाडताना शेजाऱ्याच्या दारापुढचीही थोडीशी झाडायची, पण फार नाही, कारण फार झाडले तर शेजाऱ्याला संकोच वाटतो, ही तुमच्याकडची रीत तुम्ही अडखळत्या इंग्रजीत समजावलीत. ती मला खरोखर उमगली ती आम्ही निघताना. आम्ही आत येताना काढलेल्या चपला आता तोंड बाहेर करून ठेवलेल्या होत्या. पाहुण्यांसाठी असे करतात हे मी ऐकून होते. पण आईची उजवी चप्पल डावीपेक्षा वीतभर पुढे होती. पाय न वाकवता, बसल्या जागेवरून सरळ सरकवला की आत जावा, इतक्या नेमक्या अंतरावर ती होती. आईने पाय घातला आणि स्वतःची स्वतः उठली. तुम्ही हात पुढे केला नाहीत. हात लागेल एवढ्या अंतरावर उभ्या मात्र राहिलात.

ताई, माझ्या आईला पायऱ्यांवर, विमानतळावर, अगदी घरीही अनेकांनी हाताला धरून उठवले आहे आणि प्रत्येक वेळी ती जराशी लहान झालेली मी पाहिली आहे. त्या दिवशी ती झाली नाही.

त्यानंतर आम्ही सहल सोडली आणि तुमच्याबरोबर दोन दिवसांत दोनच देवळे पाहिली. सान्जूसान्गेन्दोमध्ये चढउतार नाही म्हणून तुम्ही ते निवडलेत. सुमारे १२० मीटर लांबीच्या त्या सभागृहात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत आणि मधली बैठी मूर्ती तान्केई या शिल्पकाराने वयाच्या ८२ व्या वर्षी, १२५४ मध्ये पूर्ण केली, हे ऐकून आई म्हणाली, ‘म्हणजे माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा.’ पुढच्या रांगेतल्या २८ रक्षक देवतांमध्ये इंद्र आणि ब्रह्मदेव भेटले, बासरी वाजवणारा गरुड भेटला. हात जोडून उभ्या असलेल्या सुरकुतलेल्या वृद्धेच्या मूर्तीपुढे आई तशीच हात जोडून बराच वेळ थांबली. त्या हजार चेहऱ्यांमध्ये आपल्याला भेटावेसे वाटणारे माणूस सापडते, असे तुम्ही सांगितलेत तेव्हा ती माझ्या वडिलांना शोधत होती, हे मला कळले. तुम्हालाही ते कळले असावे, कारण तुम्ही काही न बोलता दहा पावले मागे राहिलात.

दुसऱ्या देवळाच्या, र्योआन्जीच्या, ओट्यावर तर आपण तिघी तासभर बसलो. समोरच्या बागेतले पांढऱ्या वाळूतले १५ दगड एकाच जागेवरून सगळे दिसत नाहीत, एक तरी लपतोच. आईने ते तीनतीनदा मोजले, जागा बदलून पुन्हा मोजले, आणि तुम्ही प्रत्येक वेळी तिच्याबरोबर नव्याने मोजलेत. तिला कोणी घाई केली नाही, ही गोष्ट ती आल्यागेल्याला सांगते. दोन्ही देवळांतून निघताना फळीवरच्या चपला काढून खाली ठेवल्या त्या तुम्हीच, आणि दोन्ही वेळा उजवी चप्पल वीतभर पुढे होती.

लोक मला विचारतात की कियोमिझूचा तो १६३३ चा उंच लाकडी सज्जा पाहिला का. नाही पाहिला, आणि आईला त्याचे दुःख नाही. माणुसकी म्हणजे समोरच्याला किती हवे आहे ते ओळखून तेवढेच करणे, हे मी इतक्या वर्षांत कुठे शिकले नव्हते. तुमच्या दारात शिकले.

आईचा एक निरोप आहे. तुम्ही पुण्याला यावे. आमच्या दारापुढे ती अजून रोज सडा घालते आणि आमच्याकडेही चपला बाहेरच काढतात. तुमच्या कशा ठेवायच्या, ते तिला आता ठाऊक आहे.

तुमची ऋणी,
पुण्याहून आलेली, सडा घालणाऱ्या आईची मुलगी