जीएमआरटी निरीक्षणांपूर्वी : पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी सूचना

या सत्रात खोडदच्या जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या रेडिओ दुर्बिणीवर वेळ मिळालेल्या सर्वांनी निरीक्षण-फाइल पाठवण्याआधी ती गटातल्या आणखी एकाकडून तपासून घ्यावी.

सर्वाधिक घोळ वेळेचा होतो. नाक्षत्र वेळ (ताऱ्यांच्या स्थितीवरून मोजलेली) रोज सुमारे ४ मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे तुमची पाळी १५ दिवसांनी पुढे ढकलली गेली, तर तुमचा स्रोत (ज्याचे निरीक्षण करायचे ती खगोलीय वस्तू) सुमारे तासभर आधीच मावळेल. तारीख बदलली की उदयास्त नव्याने काढा. क्षितिजापासून १७ अंशांखाली अँटेना झुकत नाहीत, हेही धरा.

सुरुवातीला आणि शेवटी थ्रीसी४८, थ्रीसी१४७ किंवा थ्रीसी२८६ या ज्ञात तीव्रतेच्या स्रोतांपैकी त्या वेळी वर असलेला स्रोत १० मिनिटे घ्या. एकदाच घेतला आणि नेमका तेव्हाच रेडिओ-गोंगाट आला, तर अख्ख्या रात्रीच्या तीव्रतेचे मोजमाप लटकते. फेज कॅलिब्रेटर (लहरींच्या कलेतली, म्हणजे फेजमधली, चूक दुरुस्त करायला घेतलेला जवळचा स्रोत) दर अर्ध्या तासाने ५ मिनिटे; बँड ३ (सुमारे २५० ते ५०० मेगाहर्ट्झ) आणि त्याखाली यात काटकसर नकोच, कारण तिथे आयनोस्फिअर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) फेज फार हलवतो. सूर्यास्ताच्या सुमारास तर जास्तच.

विदा हाती आली की आधी लिस्टस्कॅन (मूळ एलटीए विदा-फाइलवरून लॉग फाइल बनवणारी आज्ञावली) चालवा, लॉग फाइलमध्ये आउटपुटचे नाव बदला (स्रोत, बँड, तारीख) आणि मगच जीव्हीफिट्स (विदा फिट्स स्वरूपात आणणारी आज्ञावली). सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ‘टेस्ट.फिट्स’च असेल, तर सहा महिन्यांनी कुणाचे काय ते कळत नाही. मूळ एलटीए फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय फ्लॅगिंग (खराब विदा वगळणे) सुरू करू नये. बंद अँटेनांची यादी निरीक्षण-नोंदीतून त्याच दिवशी उतरवून घ्या.