इंजिनाची सरगम

लिंट्झहून व्हिएन्नाकडे, चालत्या गाडीत
५ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर जे झालं ते पुन्हा नको, म्हणून आज लिहायला बसले. मी घसा फोडून "ग्राट्झ, ग्राट्झ" म्हणत होते, बाबा विचारत होते "कसला गाळ?", आणि मागून आई "कळलं हो सगळं, बरी आहे ती" असं म्हणून सारवून घेत होती. कुणालाच काही कळलं नव्हतं. पोस्टात टाकलं तर पत्राच्या आधी मीच मुलुंडला पोचेन, म्हणून पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतेय. अक्षर बारीक वाटलं तर बोटांनी मोठं करून घ्या. दादाला वाचायला देऊ नका, तो मधल्या ओळी गाळतो.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं. ऑस्ट्रियाच्या दौऱ्यावर आणलेली आमच्या वाद्यवृंदाची मुलं अडतीसच्या अडतीस आहेत, आत्ताच मोजली. थंडी आहे, पण ती बाहेर. आत हीटर इतके तापवतात की मुलं स्वेटर काढून कुठेतरी टाकतात आणि मग स्वेटर शोधायचा कार्यक्रम होतो. पाण्याची काळजी नको. व्हिएन्नात नळाला येतं ते डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी आहे, १८७३ पासून नळाने शहरात आणलेलं, आपल्या तानसा तलावासारखंच लांबून, आणि तेही नुसत्या उतारावर वाहत येतं. पहिल्या दिवशी मी दुकानातून बाटल्या विकत घेतल्या तर हॉटेलातली बाई माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. जेवणात बटाटा, चीज आणि पुन्हा बटाटा. पण कायझरश्मार्न नावाचा एक प्रकार आहे, तो तुला आवडेल: जाडसर गोड धिरडं तव्यातच मोडून तुकडे करायचे, त्यात बेदाणे, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराचा मुरंबा. तुझं धिरडं उलटताना मोडायचं आणि तू चिडायचीस. इथे मुद्दाम मोडतात आणि बादशहाचं नाव देऊन भरपूर पैसे घेतात.

चकल्या दुसऱ्या दिवशीच संपल्या. मेतकूट अजून आहे.

आता बाबा, तुमच्यासाठी. मोझार्ट वगैरे नंतर, आधी रेल्वे.

व्हिएन्नाहून ग्राट्झला आम्ही सेमरिंगच्या घाटाने गेलो. मी मुद्दाम खिडकी धरली आणि शेजारी दुसऱ्या मास्तरांना पोरांवर लक्ष ठेवायला बसवलं. ग्लोग्निट्झ ते म्युर्झत्सुश्लाग, एक्केचाळीस किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल. काम सुरू झालं १८४८ मध्ये, गाडी धावली १८५४ मध्ये. म्हणजे बोरीबंदर–ठाणे धावली त्याच्या पुढच्याच वर्षी इथे घाटातून गाडी गेली, आणि आपला बोरघाट व्हायला १८६३ उजाडलं. डायनामाइट तेव्हा निघालंच नव्हतं, सगळं फोडलं ते साध्या बंदुकीच्या दारूने. गंमत पुढेच आहे. रूळ टाकायला घेतले तेव्हा तो चढ चढू शकेल असं इंजिनच कुणाकडे नव्हतं! आधी घाट बांधायला घेतला, मग १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा लावली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हे आपल्या ऑफिसासारखंच झालं."

बांधणारा इंजिनियर कार्ल फोन गेगा. जुन्या वीस शिलिंगच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. विचार करा, घाट बांधणाऱ्याचं चित्र नोटेवर! तुम्ही आम्हाला ट्रेडवेलबाईंची गोष्ट सांगायचात, नवरा गेल्यावर बोरघाटाचं कंत्राट पुढे नेलं त्यांची. मी ती गाडीत मुलांना सांगितली. कर्जतहून रोज जाणाऱ्या गाड्यांतून लोणावळ्याला गेलेली मुलं ही, एकालाही ठाऊक नव्हती.

काल्टे रिन्ने नावाचा दुमजली पूल आहे, खाली कमानी, वर कमानी, ४६ मीटर उंच. गाडी वळण घेत जाते म्हणून आपल्याच गाडीचं पुढचं टोक पुलावर दिसतं. बोरघाटात मंकी हिलजवळ दिसतं ना, तसंच. फक्त माकडं नाहीत, आणि घाटाच्या पायथ्याशी वडापाव नाही. बँकरही, म्हणजे चढावर मागून ढकलणारं जादा इंजिन, लागला नाही आम्हाला. गाडी थांबली, मागून धक्का बसला, मग बँकर सुटला, हे सगळं पोरांना मी हातवारे करून समजावलं. युनेस्कोने हा मार्ग १९९८ मध्ये जागतिक वारशात घेतला, आपल्या व्हीटीच्या सहा वर्षं आधी. आणि आता डोंगराच्या पोटातून २७ किलोमीटरचा नवा बोगदा बांधताहेत. तो झाला की वेगाच्या गाड्या खालून जातील. मी बघून घेतला ते बरं झालं.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. इथली बरीच विजेची इंजिनं सुटताना गातात. अहो, खरंच. गाडी हलते तेव्हा इंजिनातून ओळीने सूर निघतात, पायरी पायरीने वर चढत, कुणी सॅक्सोफोनवर सरगम घोकावी तसे. मोटरला वीज देणारा जो इन्व्हर्टर असतो त्याचा तो आवाज. वेग वाढताना तो टप्प्याटप्प्याने बदलतो, आणि ते टप्पे सप्तकातल्या सुरांसारखे ऐकू येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे अडतीस वादक फलाटावर जागच्या जागी थांबले. मग भांडण: कुठला सूर पहिला? एकाने व्हायोलिन काढून लावून बघायचं ठरवलं, तेवढ्यात गाडी गेली. त्यानंतर प्रत्येक स्टेशनावर आम्ही इंजिनाजवळ जाऊन उभे राहतो. सामान घेऊन सुटणाऱ्या दुसऱ्या गाड्यांकडे धावणारी मुलं बघून इथले प्रवासी बाजूला होतात.

मी तो आवाज फोनमध्ये घेतलाय. तीनदा. पाठवलेला नाही. का ते शेवटी सांगते.

ग्राट्झला टेकडीवर एक घड्याळाचा मनोरा आहे. त्याचे काटे उलटे: मोठा काटा तासाचा, छोटा मिनिटांचा. आधी एकच मोठा काटा होता, तासाचा, लांबून दिसावा म्हणून. मिनिटकाटा नंतर बसवला, तो छोटा. मी मुलांना सांगितलं होतं, पावणेबाराला मनोऱ्याखाली जमायचं. पावणेबाराला तिथे पोचले तर निम्मी मुलं आरामात आइसक्रीम खात बसलेली. "मॅडम, अजून नऊच वाजलेत." हातात फोन असताना! चाळीस वर्षं घड्याळ सेकंदाला लावून ड्यूटीवर जाणाऱ्या माणसाच्या मुलीने काय करावं अशा वेळी? मीही एक आइसक्रीम घेतलं.

त्या संध्याकाळचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. आपल्याकडे पावसाळ्यात व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात. इथे हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंट्या सुटतात. दहा मिनिटं आधी सात व्हायोलिनांच्या तारा ढिल्या. फळ्यावरचा खडू खुंट्यांना चोळला आणि वेळ मारून नेली. मोझार्ट ठीक झाला. मग मुलांनी भूप वाजवला, मी बांधून दिलेला, शेवटची लय जरा पळाली. लोक उभे राहिले. आता लोक उभे राहिले म्हणजे फार ग्रेट असं समजू नका, त्यातले निम्मे त्या शाळेतल्या मुलांचे आईबाप होते आणि त्यांना घरी जायचं होतं.

साल्झबुर्गबद्दल थोडंच लिहिते, फोटो पाठवलेत. मोझार्टचं जन्मघर गेट्रायडेगासे ९ मध्ये, तिसऱ्या मजल्यावर. गल्ली अशी अरुंद की आपली गिरगावातली वाडी आठवावी, फक्त दुकानांवर लोखंडी नक्षीच्या पाट्या. त्याचं लहानपणचं व्हायोलिन काचेत ठेवलंय. आमच्यातली सर्वांत धाकटी म्हणाली, "हे माझ्यापेक्षा लहान." तिथे पाऊस लागला. त्या पावसाला इथले लोक दोऱ्यांचा पाऊस म्हणतात, बारीक आणि न थांबणारा. आमची मुंबईची पोरं छत्री न उघडता हसत चालली, "याला पाऊस म्हणतात?" रात्री पाचजण शिंकत होते.

साल्झबुर्गहून लिंट्झला येताना घात झाला. मधलं स्टेशन, गाडी थांबते जेमतेम. दाराशी रांग करून बादल्या पोचवाव्यात तशी वाद्यं हातोहात उतरवली, सगळे चेलो उतरले, गाडी गेली, सरगम गात. मी मोजलं. डोकी अडतीस, वाद्यं सदतीस. एक व्हायोला रॅकवर राहिला होता आणि व्हिएन्नाला निघाला होता.

बाबा, तुम्हाला आठवतंय? मी आठवीत होते, दादरच्या क्लासहून येताना माझं व्हायोलिन लेडीज डब्यात राहिलं. आई रडायच्या बेतात. तुम्ही नुकतेच ड्यूटीवरून आला होता. एक शब्द न बोलता परत बूट घातलेत, स्टेशनात जाऊन फोन लावायला लावलात, आणि रात्री साडेअकराला कल्याणहून पेटी घेऊन आलात. जेवताना म्हणालात, "सायडिंगला लागली होती गाडी. जागेवरच होतं." बस्स, एवढंच.

मी मात्र बोलले. फलाटावर, सगळ्यांसमोर, पुष्कळ बोलले त्या मुलीला. मग स्टेशनातल्या खिडकीवर गेले. तिथल्या माणसाने शांतपणे डब्याचा नंबर विचारला, फोन केला, आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने व्हायोला आला. रात्री त्या मुलीच्या खोलीचं दार वाजवून मी माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके मॅम." ओके नव्हतं ते.

लिंट्झच्या टेकडीवर जाणारी ट्राम आहे, १८९८ ची. दाते वगैरे काही नाही, नुसती चाकं रुळावर धरून चढते, आणि चढ किती? साधारण साडेआठाला एक, म्हणजे साडेआठ मीटर गेलं की एक मीटर वर! तुमचा बोरघाट सदतिसाला एक. विश्वास बसणार नाही म्हणून पाटीचा फोटो काढलाय.

आता शेवटचं. व्हिएन्नात पहिल्याच आठवड्यात आम्ही दोन ठिकाणी गेलो. एक हायलिगेनश्टाट, तेव्हा गावाबाहेरचं खेडं, आता शहरातच. तिथे १८०२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बेथोवेनने भावांना एक पत्र लिहिलं आणि कधीच पाठवलं नाही. ते तो गेल्यावर कागदांत सापडलं. त्यात त्याने लिहिलंय की मला लोकांना सांगताच येत नाही, जरा मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही म्हणून. लोकांना वाटतं मी माणूसघाणा आहे. पुढे माल्झेल नावाच्या माणसाने त्याला कानाला लावायचे कर्णे करून दिले. तोच माल्झेल, ज्याचा मेट्रोनोम आमच्या रियाजाला टकटक करतो. आणखी पुढे लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलायला लागले.

दुसरं ठिकाण मोठी दफनभूमी, ७१ नंबरच्या ट्रामने. माणूस गेला की इथले लोक म्हणतात, त्याने ७१ नंबर पकडली. (तुम्हाला हसू येणार हे माहीत होतं.) १ नोव्हेंबरला ते सगळे आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. संध्याकाळी चारला अंधारायला लागलं आणि जिकडे तिकडे लाल काचेतले दिवे. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ. मुलांनी दारातून मेणबत्त्या घेतल्या, शुबर्टला एक, ब्राम्सला एक, बेथोवेनपुढे चार-पाच. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, दिवाळीच झाली ही." मी काही बोलले नाही, मला आपल्या गॅलरीतला कंदील दिसत होता.

तर बाबा, तुमचं कानाचं मशीन. मार्चपासून ते कपाटात डबीत आहे. शिट्टी वाजते, खरखर होते, भाजीवाल्यासमोर बरं दिसत नाही, सगळं मला माहीत आहे. त्या माणसाला पत्र्याच्या कर्ण्यावर भागवावं लागलं, तुम्हाला बॅटरीवालं मिळालंय. बॅटऱ्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत, तपकिरी टिकलीच्या, ३१२ नंबर. टिकली काढल्यावर मिनिटभर तशीच ठेवायची, मग घालायची. खरखर होत असेल तर मी आल्यावर आपण ते पुन्हा लावून घेऊन येऊ, मी रजा टाकलीय.

इंजिनाचा आवाज मी म्हणूनच पाठवलेला नाही. फोनच्या स्पीकरवर तुम्ही "हं, हं, छान" म्हणाल आणि विषय संपेल. शनिवारी सकाळी मी मुलुंडला येते, मशीन घालून बसा. पहिला सूर कुठला ते तुम्हीच सांगा, आमच्यात अजून दोन तट आहेत.

सांक्ट पोल्टन गेलं. आता चेलो खाली काढायला हवेत.

तुमची,
मंजू

ता. क. आई, धिरड्यासाठी जाड बुडाचा लोखंडी तवा बघून ठेवलाय, पण दोन किलोचा आहे. माझ्या बॅगेत बसत नाही. दादाला सांगू नकोस, एका चेलोच्या पेटीत जागा आहे.