हिरवे केळे कच्चेच असते असे नाही

संपादक महोदय,

‘साल हिरवी म्हणजे केळे कच्चे’ हे आपण गृहीतच धरतो. साल पिवळी होते ती नवा रंग चढून नव्हे. पिवळे रंगद्रव्य सालीत आधीपासून असते, हरितद्रव्य मोडले की ते दिसू लागते. ही मोडणी फळ स्वतःच विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने करते: हरितद्रव्याच्या रेणूतला मॅग्नेशियम निघतो, रेणूचे कडे फुटते आणि बहुतेक अवशेष रंगहीन होतात. मधल्या टप्प्यातले काही पदार्थ अतिनील प्रकाशात निळे चमकतात. पिकत्या केळ्यांची ही चमक ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवली. (एरवी केळे अशा दिव्याखाली धरणार कोण!)

कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांत, जळगावकडची ग्रँड नैन ही जात त्यातलीच, तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की ही मोडणी अडखळते. गर मात्र मऊ आणि गोड होत राहतो. उन्हाळ्यात हातगाडीवर हिरवट पण पिकलेली केळी दिसतात ती यामुळे. तेव्हा नाक मुरडण्याआधी केळे दाबून पाहावे. व्यापाऱ्यांनीही नुसत्या पिवळ्याधमक सालीसाठी फळे पिकवायला कार्बाइड या रसायनाच्या पुड्या वापरू नयेत. त्यावर बंदी आहे. फळे पिकवणाऱ्या इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) परवानगी आहे, पण रायपनिंग चेंबर (फळे पिकवण्याची बंद खोली) थंड नसेल तर त्यानेही साल नीट पिवळी होत नाही.

– एक वाचक, भुसावळ