शेवटचा नंबर कशासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी एचआयव्हीसह जगते. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांची, गोळी रोज रात्री ठरल्या वेळी घेते आणि बरीच वर्षं माझ्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरलेला नाही. गरोदरपणातही औषधं चालू होती. मुलगा निगेटिव्ह आहे, आता कॉलेजात जातो. मला लागण कशी झाली ते इथे लिहीत नाही. ते सांगितलं की लोक लगेच 'बिचारी' किंवा 'केलं तसं भोगतेय' यांपैकी एक काहीतरी ठरवून टाकतात, आणि दोन्हींचा मला वीट आला आहे.

लिहायचं आहे ते दाढेबद्दल. दातांच्या दवाखान्यात भरून घेतलेल्या फॉर्मवर मी आजार खरा लिहिला. सकाळची वेळ दिलेली असताना मला सगळ्यांच्या शेवटी बोलावलं. कारण सांगितलं, 'तुमच्यानंतर सगळं नीट स्टरलाइज करावं लागतं.' मग माझ्याआधीच्या पेशंटनंतर काय करत होता?

हा प्रश्न प्रत्येक पेशंटने विचारावा असा आहे. प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं असू शकतं असं धरूनच काम करा, ही शिफारस अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने १९८७ मध्येच केली होती. चेहऱ्यावरून काही कळत नाही आणि लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीही निगेटिव्ह येऊ शकते. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीच्या पेशंटला वापरलेली सुई कर्मचाऱ्याला टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. त्यावरही ७२ तासांच्या आत सुरू करायचं औषध आहे. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराच्या पेशंटची सुई टोचली, तर लस न घेतलेल्याला तो होण्याची शक्यता याच्या कितीतरी पट जास्त. माझ्याआधी खुर्चीत बसलेल्यांपैकी कुणाला तो असेल, तर बहुधा त्याचं त्यालाही ठाऊक नसेल.

ज्या जोडप्यांत एकालाच एचआयव्ही आहे, अशांवर 'पार्टनर' नावाचे मोठे अभ्यास झाले. त्यांचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले. उपचाराने विषाणू दबलेला असताना कंडोमशिवायच्या संबंधांतूनही जोडीदाराला त्याच्याकडून एकदासुद्धा लागण झाली नाही. हे माझ्या नवऱ्याला पाठ आहे. दवाखान्यात काम करणाऱ्यांना का नसावं?

आमच्या गटातल्या काही जणी आता फॉर्मवर सरळ 'नाही' लिहितात. मी त्यांना दोष देत नाही, पण भीती वाटते. आमच्या गोळीतलं डोल्युटेग्रॅविर अ‍ॅसिडिटीच्या काही औषधांसोबत किंवा उपाशीपोटी लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्रॅविरचा डोस दुप्पट करावा लागतो. डॉक्टरांना आजारच माहीत नसेल तर हे बघणार कोण? अशी वागणूक ऐकून काही जण तपासणीलाच जात नाहीत आणि प्रतिकारशक्ती पार ढासळल्यावर दाखल होतात.

दवाखान्यांनी आमच्या फाइलवरच्या वेगळ्या खुणा आणि खाटेला लावलेल्या पाट्या काढाव्यात, नंबर आला की आत घ्यावं आणि हे आया-वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना समजावून सांगावं. आपल्यालाही एक विनंती. १ डिसेंबरच्या, जागतिक एड्स दिनाच्या लेखासोबत कवटी किंवा हाडांचा सापळा छापू नका. आमच्यासारख्या गोळ्या घेऊन कामावर जाणाऱ्या माणसांबद्दल छापा.

आपली,
एक वाचक
(नाव कृपया छापू नये.)