‘हा तर समाजवाद’ म्हणून विषय मिटवू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

प्रत्येकाला परवडण्याचा विचार न करता उपचार मिळावेत असं कुणी म्हटलं, की दुसरा कुणीतरी हमखास म्हणतो, ‘हा तर समाजवाद!’ मग चर्चा तिथेच थांबते.

पण कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा १८८३ मध्ये आणला तो जर्मनीच्या बिस्मार्कने. याच गृहस्थाने पाच वर्षं आधी समाजवाद्यांच्या सभांवर आणि वृत्तपत्रांवर बंदी घातली होती. कामगार त्यांच्या नादी लागू नयेत, हाही विम्यामागचा एक हिशेब होता. तिथे आजही कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर व्यवस्था चालते. ब्रिटनमध्ये खर्च करातून होतो आणि रुग्णालयंही बहुतेक सरकारी. १९४८ मध्ये ती व्यवस्था उभारणारे बेव्हन पक्के समाजवादी होते; पण तिला वाट करून देणारा १९४२ चा अहवाल लिहिणारे बेव्हरिज उदारमतवादी. कॅनडातल्या सॅस्काचेवान प्रांतात १९६२ मध्ये अशा योजनेविरुद्ध डॉक्टरांनी संप केला. योजना टिकली आणि डॉक्टरांची खासगी प्रॅक्टिसही टिकली. बिल तेवढं सरकारकडे जाऊ लागलं.

आपल्या कामाचं उदाहरण मला जपानचं वाटतं. १९६१ पासून तिथे प्रत्येक जण विम्याखाली आहे, तरी बहुतेक रुग्णालयं खासगी, आपल्यासारखीच. फरक दरांचा. कोणत्या तपासणीचे, कोणत्या शस्त्रक्रियेचे किती पैसे घ्यायचे हे देशभर एकच सरकारी दरपत्रक ठरवतं आणि दर दोन वर्षांनी ते सुधारलं जातं. आपल्याकडे नर्सिंग होमने दरपत्रक दर्शनी भागात लावावं असा नियम २०२१ मध्ये आला. दर किती असावा, याबद्दल तो गप्प आहे.

आणि हे विचार काही परदेशातूनच आणायला हवेत असं नाही. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांविना राहू नये, हे भारताच्या आरोग्यव्यवस्थेवरच्या १९४६ च्या अहवालात लिहून ठेवणारे सर जोसेफ भोर नाशिकात जन्मले, पुण्यात शिकले. आयसीएस अधिकारी होते. त्यांना लाल बावट्याचे म्हणायला कुणी धजावणार नाही.

तुमच्या सरकारनेही २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या शिधापत्रिकेपर्यंत नेली, पाच लाखांचं संरक्षण दिलं. उत्पन्नाची अट गेली म्हणून कुणी ‘समाजवाद आला’ अशी ओरड केली नाही. चांगलंच झालं. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर कामाला येते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या दरमहा घ्यायच्या असतात. त्यासाठी कुणी भरती होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी नसेल तर ती मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने आणावी लागते, आणि महिनाअखेरीस हात आखडला की ती बंदच होते. मग पक्षाघात झाला की योजना लागू! याला काटकसर कशी म्हणायची?

म्हणून दोनच मागण्या. बाह्यरुग्ण उपचार आणि नेहमीची औषधं योजनेत आणा. आणि खासगी रुग्णालयांचे दर ठरवायला डॉक्टर, रुग्ण संघटना आणि सरकार यांची कायदेशीर अधिकार असलेली समिती नेमा. तिला समाजवादी म्हणायचं की बिस्मार्कवादी, ते विधानसभेत सवडीने ठरवता येईल.

आपला,
एक करदाता आणि पांढऱ्या शिधापत्रिकेचा धारक