गाडी खरेदीचे सल्ले आणि खिशातून जाणारा खरा पैसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवार-रविवारी वृत्तवाहिन्यांवर लागणारे वाहनविषयक कार्यक्रम मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे. त्यांचे चित्रीकरण देखणे असते, निवेदकांना यंत्राची चांगली जाण असते आणि गाडी वळणावर कशी वागते किंवा घाटात तिची ओढ कुठे कमी पडते, हे ते आपल्यापेक्षा कितीतरी नेमकेपणाने सांगतात. माझा आक्षेप आहे तो भागाच्या शेवटी दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला. मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे अपघातानंतर नुकसानीचा अंदाज काढणारा, म्हणून माझा बहुतेक काळ गॅरेजच्या आवारात, ठोकलेल्या गाड्या आणि त्यांचे चिंतातुर मालक यांच्यात गेला आहे आणि तिथून पाहताना सतत जाणवते, की हा सल्ला गाडी एक-दोन दिवस चालवून परत करणाऱ्याचा आहे. हप्ते फेडत ती सात-आठ वर्षे सांभाळणाऱ्याचा नाही.

किमतीपासूनच सुरुवात करू. पडद्यावर झळकणारा आकडा बहुधा दिल्लीचा एक्स-शोरूम, म्हणजे वाहन कर आणि विमा न धरलेला, असतो आणि त्यावर निवेदक सहज सांगून जातात, ‘थोडे पैसे वाढवा आणि वरचे मॉडेल घ्या.’ हे ‘थोडे’ किती होते ते पाहा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी वाहन कर आहे, डिझेलला तो आणखी दोन टक्के जास्त. म्हणजे ९ लाखांच्या गाडीवर ९९ हजार रुपये कर भरायचा, तर ११ लाखांच्या गाडीवर १ लाख ३२ हजार. वाढीव २ लाख बँकेकडून ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर व्याजापोटी साधारण ७० हजार जातात. निवेदकाचे २ लाख गिऱ्हाइकाला ३ लाखांच्या पुढे पडतात आणि त्यात वाढीव विम्याचा हप्ता अजून धरलेलाच नाही. विम्याच्या कोष्टकाप्रमाणे पाचव्या वर्षी गाडीची विमा रक्कम मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. सनरूफसाठी मोजलेल्या पैशांनाही तोच नियम लागू होतो.

आता माझ्या कामातला विषय. समोरचा बंपर फुटणे हा आपल्याकडचा सर्वांत सामान्य अपघात. सोसायटीच्या फाटकाशी, सिग्नलला, बैलगाडीच्या जुवाशी, कुठेही होतो. बंपर प्लास्टिकचा असतो आणि साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो. गाडी शोरूममधून बाहेर पडून आठवडाच झाला असला तरी. निम्मी किंमत मालकाने भरायची. ‘झीरो डेप’, म्हणजे घसारा न कापणारे जादा संरक्षण, घेतलेले असेल तर प्रश्न नाही, पण त्याचा हप्ता वेगळा आणि गाडी जुनी होत गेली की अनेक कंपन्या ते देईनाशा होतात. हल्लीच्या वरच्या मॉडेलांत त्याच बंपरमध्ये सेन्सर, काहींत रडार आणि काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलली तर काचेवर घसारा लागत नाही हे खरे, पण कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि ते काम कोपऱ्यावरच्या काचवाल्याचे नव्हे. एलईडी दिवा बसवायचा एक कान तुटला तरी बहुतेक वेळा अख्खा दिवाच बदलावा लागतो. एस्टिमेटचा कागद हातात पडल्यावर मालकाचा चेहरा कसा होतो ते मी फार जवळून पाहिले आहे. ‘फीचर्सची रेलचेल’ म्हणून पंधरा मिनिटे कौतुक करणाऱ्या कार्यक्रमात, हेडलाइटची किंवा बंपरची किंमत सांगायला अर्धे मिनिट निघायला काय हरकत आहे? ती किंमत कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर विचारली की मिळते.

ॲव्हरेजबाबतही तेच. जाहिरातीतला आणि बहुधा कार्यक्रमातलाही आकडा पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत, रोलरवर गाडी ठेवून, ठरलेल्या वेगचक्रात, एसी बंद ठेवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे, त्या संस्थेचा यात दोष नाही; परंतु मे महिन्यात नागपूरला किंवा संध्याकाळी हिंजवडीच्या रांगेत तो आकडा मिळणार नाही, एवढे स्पष्ट सांगणे निवेदकाचे काम आहे.

सर्वांत वाईट अवस्था प्रेक्षकांच्या प्रश्नोत्तरांची. प्रश्न येतो: बजेट १२ लाख, रोजचे ३० किलोमीटर, कोणती गाडी घेऊ? उत्तर अर्ध्या मिनिटात: अमुक डिझेल घ्या, इंजिन जबरदस्त आहे. समजा, डिझेल गाडी दीड लाखाने महाग आहे, ती लिटरला २० किलोमीटर जाते आणि पेट्रोलची १५. डिझेल ९१ रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरले तर किलोमीटरमागे साधारण २ रुपये ४० पैसे वाचतात. दीड लाख वसूल व्हायला ६० हजारांहून अधिक किलोमीटर लागतील, म्हणजे रोज ३० किलोमीटरच्या हिशेबाने पावणेसहा वर्षे, तीही जादा कर न धरता. शिवाय बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाडीच्या एग्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर स्वच्छ राहायला गाडी मधून मधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. घर ते ऑफिस अशा तुटक फेऱ्यांत तो तुंबतो आणि वर्कशॉपच्या वाऱ्या सुरू होतात. प्रश्नकर्ता शहरात राहतो की महामार्गालगत, त्याच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, गाडी तीन वर्षांनी विकायची आहे की मुलाला द्यायची आहे, यांपैकी काहीच विचारले जात नाही. सर्व्हिस सेंटरचा मुद्दा किरकोळ नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दोघांच्याही गाड्यांचे पडद्यावर भरपूर कौतुक झाले होते, आणि इंजिनाच्या दृष्टीने ते रास्तही होते. परंतु सुट्या भागांसाठी तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला खेपा घालणाऱ्या मालकाला त्या कौतुकाचा उपयोग नव्हता.

परदेशी कार्यक्रम याहून प्रामाणिक असतात, असा आपल्याकडे एक समज आहे. २००३ मध्ये सुरू झालेला ‘व्हीलर डीलर्स’ हा ब्रिटिश कार्यक्रम डिस्कव्हरीमुळे आपल्याकडेही पाहिला गेला. जुनी गाडी घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची आणि शेवटी नफ्याचा आकडा दाखवायचा, असा त्याचा साचा. त्या हिशेबात गाडीची किंमत आणि सुटे भाग धरले जात, पण मेकॅनिक एड चायना यांच्या मजुरीचे तास मात्र धरले जात नसत. मजुरी लावली असती तर कितीतरी भागांत तोटाच दिसला असता. दुरुस्ती कशी करावी हे शिकायला तो कार्यक्रम फार चांगला. त्यावरून जुनी गाडी घेऊन पैसे कमावता येतात, असे मानणाऱ्याची मात्र फसगत ठरलेली. त्या मानाने ‘टॉप गिअर’ने, २००२ च्या नव्या रूपात तरी, आपण करमणूक करतो हे कधी लपवले नाही.

आपल्या निवेदकांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. तथापि, परीक्षणासाठीची गाडी कंपनीच देते, ती बहुतेक वेळा टॉप मॉडेल असते आणि नव्या गाडीच्या पहिल्या ड्राइव्हसाठी पत्रकारांच्या प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च अनेकदा कंपनीच करते. समाजमाध्यमांवरील प्रभावकांनी (इन्फ्लुएन्सरनी) असे संबंध उघड करावेत, यासाठी जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये जाहिरातींतील शिफारशींसाठी तसेच नियम केले. वाहिन्यांनी ‘गाडी व प्रवास कंपनीच्या सौजन्याने’ अशी एक ओळ पडद्यावर ठळकपणे दाखवायला कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने पहिल्यांदाच गाडी घेणारी अनेक कुटुंबे शोरूमकडे वळली आहेत, आणि दसरा-दिवाळीचे ‘कोणती गाडी घ्याल?’ छापाचे विशेष भाग त्यांच्याचसाठी असतात. मराठी वाहिन्यांनी निदान त्या भागांत मुंबई, पुणे आणि नागपूरची ऑन-रोड किंमत द्यावी, टॉपऐवजी सर्वाधिक खपणारे मधले मॉडेल चालवून दाखवावे, आणि बंपर, हेडलाइट व पहिल्या पाच वर्षांची सर्व्हिस यांचा खर्च एका तक्त्यात मांडावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. असा तक्ता तयार करायला लागणारी सारी माहिती कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये एका दुपारीत मिळू शकते.

आपला विश्वासू,
एक मोटार विमा सर्व्हेअर, नाशिक