खालची ती पांढरी रेघ

प्रिय सम्या,

“दिवसभर इन्स्टाग्राम बघत बसायचं आणि वर त्याला इंटर्नशिप म्हणायचं, अशी एखादी जागा माझ्यासाठीही बघून ठेव.” तुझं हे वाक्य मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा चिडलो आणि तिसऱ्यांदा आठवलं की अर्ज भरताना माझ्याही डोक्यात अगदी हेच होतं. म्हणून फोनवर दोन शिव्या हासडून विषय संपवण्याऐवजी हे लांबलचक पत्र. आता भोग आपल्या कर्माची फळं.

विभाग जीवशास्त्राचा, काम विभागाची सोशल मीडियावरची खाती सांभाळायचं. आठवड्याला बारा तास, असं कागदावर. अर्जात मी ठोकून दिलं होतं की मला रील उत्तम बनवता येतात. मुलाखतीत मॅडमनी त्यातलं एकही रील बघितलं नाही. फक्त विचारलं, “एखाद्या गोष्टीची खात्री नसेल तर काय करशील?” मी म्हणालो, गूगल करीन. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल याचा आता मला साधारण अंदाज येतो.

पहिला आठवडा तर खात्यात शिरण्यातच गेला. पासवर्ड एका जुन्या फाइलीत सापडला, पण लॉग इन करायला गेलं की ओटीपी जायचा आधीच्या इंटर्नच्या फोनवर. तो बिचारा कधीच नोकरीला लागलेला. मी फोन करावा तर तो मीटिंगमध्ये, तो मोकळा होईपर्यंत कोड बाद. चौथ्या दिवशी एकदाची आमची वेळ जुळली. आत गेल्या गेल्या विभागाचा ईमेल आणि विभागाचाच नंबर जोडून टाकला. तू कधी असलं काम घेतलंस तर श्रीगणेशा इथूनच कर. बाकीचं मग.

त्यानंतर पोस्टरं. व्याख्यानाचं पोस्टर, कार्यशाळेचं पोस्टर, अभिनंदनाचं पोस्टर. प्रत्येकावर सहा-सात लोगो, पाहुण्यांच्या नावामागे तीन ओळींच्या पदव्या आणि व्याख्यानाची वेळ कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. मंजुरीसाठी ग्रुपवर टाकलं की पाच जणांचे अंगठे येतात, आणि पोस्ट झाल्यावर सहावा सांगतो की तारीख चुकली आहे. यावर जास्त लिहीत नाही, माझंच डोकं उठेल.

खरी गंमत डायटमपासून सुरू झाली. डायटम म्हणजे पाण्यात राहणारं एकपेशीय शैवाल, पण याचं कवच सिलिकाचं असतं, म्हणजे जवळजवळ काचेचंच. त्या कवचावर इतकी रेखीव नक्षी असते की कुणा कारागिरानं जाळी कोरून ठेवली आहे असं वाटावं. पीएचडी करणाऱ्या एका ताईंनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला असा एक फोटो मला पाठवला. गोल चकती, मध्यापासून कडेपर्यंत छिद्रांच्या रांगा. खाली एक काळी पट्टी आणि तिच्यात बारीक आकडे, एक छोटी पांढरी रेघ.

मी काय केलं असेल? चौकोनात बसेना म्हणून खालची पट्टी उडवली. करडा रंग उदास वाटला म्हणून कवचावर निळा-जांभळा रंग चढवला. पोस्ट टाकली. बदाम पडायला लागले, मी खूश. तासाभरात ताईंचा मेसेज: “स्केल कुठे गेला?” मी ऐटीत उत्तर दिलं, “लुक जरा क्लीन वाटावा म्हणून काढला.” त्यावर फक्त एवढंच आलं: “लॅबमध्ये ये.”

गेलो. वाटलं, आता झाडणार. त्यांनी काही न बोलता पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्ही करडे, दोन्हींत जाळी, कुठेही आकडा नाही. म्हणाल्या, यातली एक धातूची चाळणी आहे आणि एक डायटम, ओळख. मी थोडा वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि छातीठोकपणे चाळणीला डायटम म्हणून मोकळा झालो. मग त्यांनी खालच्या पट्ट्या परत आणल्या. त्यातली पांढरी रेघ म्हणजेच स्केल: फोटोत तेवढी दिसणारी लांबी प्रत्यक्षात किती, हे ती सांगते. एका फोटोतली रेघ होती १ मिलिमीटरची, दुसऱ्यातली १० मायक्रोमीटरची. म्हणजे शंभरपट फरक. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, त्या हिशेबानं ती दुसरी रेघ केसाच्या जाडीच्याही पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढी. एवढी सगळी माहिती त्या एका रेघेत होती आणि मी ती कचरा समजून कापून टाकली होती.

मी तरी वाद घातलाच. म्हटलं, कॅप्शनमध्ये ‘५००० पट मोठं करून’ असं लिहिलं तर चालणार नाही का? त्यांनी उलट विचारलं, कुणाच्या फोनवर ५००० पट? तोच फोटो फोनवर अंगठ्याएवढा, लॅपटॉपवर तळहाताएवढा आणि भिंतीवर प्रोजेक्टरनं टाकला तर दाराएवढा. मग ५००० हा आकडा कुठल्या पडद्याचा? रेघ मात्र फोटोबरोबरच वाढते आणि फोटोबरोबरच आक्रसते, त्यामुळे कुठेही बघा, ती खरंच सांगते. सम्या, इतकी साधी गोष्ट, पण शाळेपासून पुस्तकातल्या फोटोंखाली ती रेघ बघत आलो आणि ती तिथे का असते हे कधी विचारलंच नाही.

रंगाचंही तेच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रकाश वापरतच नाहीत, त्यामुळे फोटोत रंग येणार कुठून? जे दिसतं ते करडंच असतं. मासिकांतले हिरवे विषाणू आणि गुलाबी परागकण मागाहून रंगवलेले असतात. रंगवायला हरकत नाही, पण तसं लिहायचं. मला कृष्णविवराचा तो गाजलेला पहिला फोटो आठवला, १० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेला, एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा. ते नारिंगी कडं आपण सगळ्यांनी शेअर केलं होतं. ते टिपलं १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींनी, ज्या आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. तो नारिंगी रंग माणसांनी निवडलेला आहे. मी इतकी वर्षं समजत होतो की तिथे खरोखरच तसं काहीतरी धगधगताना दिसतं.

पोस्ट काढली आणि पुन्हा बनवली. रेघ ठेवली, ‘रंग नंतर भरले आहेत’ असं लिहिलं. आता कॅप्शन. मी लिहिलं, ‘तुमचा दर पाचवा श्वास डायटममुळे!’ ही ओळ इंटरनेटवर शंभर ठिकाणी सापडते, म्हणून निर्धास्त होतो. सरांनी मसुद्यावर शेरा मारला: “पाच हा आकडा ठीक, श्वास चूक.” पृथ्वीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणातला साधारण पाचवा हिस्सा डायटम करतात, हे खरं. पण समुद्रात तयार होणारा बहुतेक प्राणवायू समुद्रातच खर्च होतो, तिथल्या जिवांच्या श्वसनात आणि मेलेलं कुजण्यात. आपण आज जो हवेतून ओढतो तो कोट्यवधी वर्षांत हळूहळू साठलेला साठा आहे. कालच्या डायटमनं केलेला प्राणवायू आज तुझ्या नाकात, असा हिशेब लागत नाही.

मी हिरमुसलो. इतकी चपखल ओळ गेली. तेव्हा सरांनीच दुसरा धागा दिला: डायनामाइट. आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक जरा धक्का लागला तरी उडायचं. त्यानं ते एका भुसभुशीत मातीत मुरवलं आणि मग ते हाताळण्याजोगं झालं. ती माती म्हणजे मेलेल्या डायटमच्या कवचांचा थर. छिद्रंच छिद्रं, म्हणून द्रव शोषून घेणारी. ‘या नक्षीनं एका स्फोटकाला शांत केलं’ अशी सुरुवात केली आणि ती पोस्ट आमच्या खात्याच्या मानानं भलतीच पळाली. खोटं न बोलताही लोक थांबून वाचतात, हे मला तेव्हा कळलं. फक्त खरी गोष्ट शोधायला दुप्पट वेळ लागतो, आणि ती शोधणारा माणूस बहुतेक वेळा आपण नसतो.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. खाली मी ‘छायाचित्र’ म्हणून ताईंचं नाव टाकलं होतं. ताई म्हणाल्या, नमुना माझा, फोटो काकांचा. काका म्हणजे ते यंत्र चालवणारे ऑपरेटर. मी त्यांना तोवर भेटलोही नव्हतो. मग एक दुपार त्यांच्या खोलीत बसलो. नमुन्यावर आधी सोन्याचा थर चढवतात, काही नॅनोमीटरचा, नाहीतर इलेक्ट्रॉन साचून फोटो पांढरा फटक पडतो. मग तो निर्वात कप्प्यात ठेवायचा, पंप हवा ओढून घेईपर्यंत वाट बघायची. काका डाव्या हातानं फोकसची गुंडी इतकी हळू फिरवत होते की ती फिरते आहे हे मला पडद्यावरच कळत होतं. धूसर, धूसर, आणि मग एकदम धारदार कड. म्हणाले, “चांगला डायटम मिळेपर्यंत तीस-चाळीस फुटके बघावे लागतात.”

मी कॅप्शन दुरुस्त केलं. घरी येऊन उगाच शोधत बसलो आणि ‘फोटो ५१’ची, म्हणजे डीएनएची रचना उलगडायला मदत करणाऱ्या फोटोची गोष्ट सापडली. डीएनएची रचना म्हटलं की १९५३, वॉटसन आणि क्रिक. जरा जास्त वाचलेला माणूस रोझलिंड फ्रँकलिनचं नाव घेतो. पण मे १९५२ मध्ये तो क्ष-किरणांचा फोटो काढला रेमंड गॉसलिंगनं, फ्रँकलिनच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यानं. तू ऐकलं होतंस हे नाव? मी नव्हतं. उलटही होतं म्हणा. कृष्णविवराच्या वेळी त्या फोटोवर काम करणाऱ्या केटी बाउमनचा आनंदानं तोंडावर हात ठेवलेला फोटो इतका फिरला की लोक तिला एकटीलाच श्रेय द्यायला लागले. शेवटी तिलाच सांगावं लागलं की हे मोठ्या टीमचं काम आहे. एका ओळीच्या कॅप्शनमध्ये कोण राहतं आणि कोण कापलं जातं, हे ठरवणारा प्राणी आमच्या विभागात सध्या मी आहे. विचार कर.

काका इन्स्टाग्रामवर नाहीत. त्यांनी पोस्टचा प्रिंट मागितला आणि यंत्राच्या खोलीच्या दारावर चिकटवला.

बाकी फजित्याही झाल्या. द्रवरूप नायट्रोजनचं एक रील केलं, उणे १९६ अंश सेल्सिअस, पांढऱ्या वाफा, झकास संगीत. त्यात दोन सेकंद एक मुलगा गॉगलशिवाय दिसतो. वाफा कुणालाच दिसल्या नाहीत, सगळ्यांना तो गॉगल दिसला. रील काढावं लागलं. एकदा एका शोधनिबंधाची बातमी उत्साहाच्या भरात शेड्यूल करून ठेवली होती. ताईंनी वेळेत बघितलं म्हणून वाचलो. निबंधावर एम्बार्गो होता, म्हणजे नियतकालिकानं ठरवलेल्या तासाआधी चकार शब्द काढायचा नाही. आणि तो तास त्यांच्या घड्याळातला, आपल्या नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नसती तर कळली नसती. विभागातल्या एका विद्यार्थ्याला दिसत नाही, तो फोनकडून पोस्ट वाचून घेतो. त्यानं मला माझीच एक पोस्ट ऐकवली. शेवटी मी हौसेनं पाच सूक्ष्मदर्शकांचे इमोजी टाकले होते. फोन निर्विकारपणे म्हणाला, सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मदर्शक… आम्ही दोघंही हसलो, पण माझे कान गरम झाले. फोटोचं वर्णन मात्र मी लिहिलेलंच नव्हतं, म्हणजे यंत्राचं नाव पाचदा आणि त्यातून काय दिसलं ते एकदाही नाही. तेव्हापासून प्रत्येक फोटोला आल्ट टेक्स्ट, म्हणजे फोन वाचून दाखवेल असं वर्णन, लिहितो. ‘गोल चकती, मध्यातून किरणांसारख्या पसरलेल्या छिद्रांच्या रांगा’ असं लिहायला बसलं की लक्षात येतं, आपण फोटोकडे नीट बघितलेलंच नव्हतं.

महिन्याच्या शेवटी अहवाल द्यावा लागतो: किती पोस्ट, किती रीच, किती फॉलोअर्स वाढले. सांगू सगळ्यात जास्त बदाम कशाला मिळाले? निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोला. साहजिक आहे, चाळीस जण टॅग केलेले आणि प्रत्येकानं आपापला चेहरा शोधलेला. आकड्यांच्या तक्त्यात तो पहिला, डायनामाइट दुसरं आणि फोटोचं वर्णन लिहिण्यात गेलेल्या वेळेला रकानाच नाही. अहवाल बघून विभागप्रमुख म्हणाले, ग्रुप फोटो वाढवा. मी मान डोलावली.

तर जागा बघून ठेवू का? पुढच्या सत्रात माझी सुटते आहे. अर्ज करणार असशील तर रीलबद्दल फुशारकी मारू नकोस. आणि मॅडमनी तो प्रश्न विचारला तर “ज्याचं काम आहे त्याला जाऊन विचारीन” म्हण. हे उत्तर मला पाच महिन्यांनी आलं, तुला फुकट देतो आहे.

सोबत त्या डायटमचा प्रिंट पाठवतो आहे, रंग न चढवलेला, काकांकडून मागून घेतलेला. तुझ्या टेबलावरच्या फ्रेममध्ये तो मावणार नाही, मी अंदाजानं मोजून बघितलं आहे. फ्रेम नवी घे. खालची पट्टी कापायची नाही.

तुझा,
निन्या